चौदावी ओळ

"या बाईंनीच काहीतरी दाबलंय," मुख्याध्यापक आदिनाथराव म्हणाले. "काल सांजच्याला संगणक बंद केला, तो आज चालूच होईना."

लिपिक सुकेशनी दाराशी उभी होती. ती कंत्राटी. तिच्या मुदतवाढीचा कागद सरांच्या टेबलावर बिनसहीचा पडला होता. परीक्षेचे अर्ज पाठवायचा आजचा शेवटचा दिवस, आणि सगळे अर्ज या एकाच संगणकात.

धम्मशीला परभणीहून पहिल्या बसनं वालूरच्या या शाळेत आली होती. शाळेतले संगणक तीच सांभाळायची. संस्थेच्या आणखी सहा शाळांचं काम तिला मिळायचं घाटत होतं. तिनं खुर्ची ओढली. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येऊन थांबल्या होत्या. सुरू होताना संगणक जी फाईल वाचतो, तिच्या चौदाव्या ओळीशी तो अडला होता.

त्याच पडद्यावर तिनं ती फाईल उघडली. या फाइलीत एकाहून जास्त शब्दांची नोंद दुहेरी अवतरणात लिहावी लागते. चौदाव्या ओळीत सुरुवातीचं चिन्ह होतं. शेवटचं नव्हतं. त्यामुळं खालचं सगळंच त्या एका नोंदीचा भाग समजून संगणक वाचत गेला होता.

ओळ तिचीच होती. काल दुपारी नेटची सेटिंग बदलताना तिनंच शेवटी एक शब्द वाढवला होता, आणि त्यापुढचं चिन्ह टाकायचं राहून गेलं होतं. बस चुकेल म्हणून संगणक बंद-चालू करून बघितलाच नव्हता.

एक कळ दाबली की झालं. लाईटीवर ढकललं असतं तरी खपून गेलं असतं.

"सापडलं का?" सरांनी विचारलं.

धम्मशीलानं राहिलेलं चिन्ह टाकलं.

"सापडलं, सर. चूक माझी हाय. यांनी हात बी लावलेला न्हाई."

संगणक सुरू झाला. सरांनी सुकेशनीच्या कागदावर सही केली. सहा शाळांचा विषय मात्र त्यांनी काढला नाही, आणि धम्मशीलानंही नाही.

सुकेशनी तिला फाटकापर्यंत सोडायला आली.

"ताई, मला सकाळीच दिसलं होतं ते. ओळीचा नंबर पडद्यावरच होता की."

धम्मशीला थांबली. "मग तिथंच चिन्ह टाकून द्यायचं न्हाई का?"

"टाकलं असतं," सुकेशनी म्हणाली. "पण मी नीट केलं असतं, तर बिघडवलं बी मीच, असं झालं असतं."