बिघाड परत बसवून मिळेल

आत्यानं माझं गिटारचं पेडल दुरुस्त केलं. ते घडलंच नाही, असं मला करून हवं होतं. गिटारचा आवाज बदलणारं ते पेडल दिवंगत बाबांनी घरी बनवलेलं. आतल्या तारांचं सोल्डरिंग कच्चं, म्हणून प्रत्येक सूर घसा खरवडत यायचा. त्याच आवाजात अर्धं गाणं रेकॉर्ड झालंय, उरलेलं संध्याकाळी. आता सूर डोअरबेलसारखा स्वच्छ. “आत्या, बिघाड परत बसव. त्याशिवाय हलणार नाही.” दुकानात मिक्सरबिक्सर बरे करणाऱ्या आत्यानं कपाळाला हात लावला, तरी कामाला बसली. डोळे मिटून केलं, डाव्या हातानं केलं, सोल्डरिंग पक्कंच. “दादासारखं वाईट काम मला जमायचं नाही. तूच कर, तुझ्या रक्तात आहे.” मी केलं. पेडल खाकरलं, अगदी बाबांसारखं. आत्या तीच तार छेडत राहिली. मग म्हणाली, “सदर बिघाड आमच्या दुकानात झाल्याचं कृपया प्रसिद्ध करू नये, ही नम्र विनंती.”