एकदाही नाही

साताऱ्याचं इंग्रजी वॉरंट घेऊन फौजदार आले, तेव्हा बाळ बारा दिवसांचं होतं. दारात गाव जमलं.

"बाई, कॉलेजात शिकलाय ना? हे 'डिफाय' म्हणजे काय, सांगा सगळ्यांना."

"सरकारचा हुकूम उघड न जुमानणं."

"तुमचा नवरा बेचाळीसपासून तेच करतोय. घरी कधी येऊन गेला?"

खरं सांगितलं असतं, तर त्यांचा माग लागला असता.

"फरारी झाल्यापासून एकदाही नाही."

"मग हे पोर कुणाचं?"

मी मान खाली घातली. सासूबाई पुढं आल्या.

"आवं सायेब, तिनं सांगितलं न्हवं? माझा ल्योक आल्याला न्हाई."

संध्याकाळी बारशाला गावातली एकही बाई आली नाही. पाळण्याच्या पलीकडं सासूबाई एकट्याच उभ्या राहिल्या आणि हात पसरून म्हणाल्या, "म्हण गं पोरी, कुणी गोविंद घ्या."