भिंतीपलीकडचा बॉल

"बॉल भिंतीपलीकडे ज्याने मारला त्यानेच आणायचा. दुसऱ्याला पाठवायचं नाही. जाताना हात रिकामे. आणि आणायला येईल त्याला कुणी अडवायचं नाही."

मैदानावर खेळ शिकवणाऱ्या म्हाताऱ्या सरांचा तो आवाज वस्तीतल्या प्रत्येकाच्या कानात होता. शिवणकाम करणाऱ्या गोंदच्या आईच्याही. सर जाऊन वर्षं झाली. मैदानाच्या टोकाची भिंत मात्र उंच होत गेली. पलीकडची गल्ली आता टोळीची. न बोलावता तिकडे गेलेला माणूस पट्ट्या बांधूनच परत येई. बॉल आणायला गेलेल्याच्या केसालाही धक्का लागत नसे. टोळीचा दादा लहानपणी सरांच्याच हाताखाली खेळलेला. सरांचं बाकी सगळं तो विसरला, एवढं एक विसरला नाही.

आईला आज असल्या नियमांचं काही पडलं नव्हतं. कारखान्यातल्या मशीनवर अर्धी शिवण तशीच टाकून ती धावत आली होती. अंगावर दोऱ्याचे तुकडे होते. मैदानाची जाळी दोन्ही हातांनी धरून ती बघत होती, आणि गोलमध्ये तिचा मुलगा नव्हता.

हातात आलेला बॉल सुटायचा नाही, म्हणून पोरं त्याला गोंद म्हणत. गोंद सकाळपासून भिंतीपलीकडच्या पत्र्याच्या गोदामात बसला होता. काल टोळीने त्याला नवा मोबाइल दिला. आज अंधार पडायच्या आत एक पुडकं पोचवायचं होतं. टोळीच्या मोटारसायकलवर एकदा मागे बसलं की मग उतरता येत नाही, हे वस्तीतलं शेंबडं पोरही जाणत होतं.

मैदानावर यायच्या आधी ती गल्लीच्या तोंडाशी जाऊन आली होती. दोन पोरं आडवी आली. बोलली मात्र अगदी गोड. "मावशी, घरी जा. लेक कामाला लागलाय तुमचा. आता मशीन सोडा आणि आराम करा." पोलिसांकडे जावं, तर गाडीत आधी पोरालाच बसवतील.

उरल्या ताई. मैदानावर फुटबॉल शिकवणाऱ्या. गेल्या वर्षी त्यांनीच उंबऱ्यात उभं राहून शब्द दिला होता, "वहिनी, मी त्याला नेते आणि मीच परत आणून सोडते." पाऊस असो, अंगात ताप असो, एक संध्याकाळ चुकली नाही. म्हणून तर ती त्यांच्याकडे आली. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. क्षणभर डोळे मिटले. आणि मग शिटी फुंकून सराव पुढे चालू केला!

आईच्या अंगाचा तिळपापड झाला. इथे माझा जीव टांगणीला, आणि हिला खेळ सुचतोय.

भिंतीमागे मोटारसायकलला किक बसली. गाडी सुरू झाली, फुरफुरली, बंद पडली. पुन्हा किक.

"थांबा रे," ताई म्हणाल्या. "बॉल इकडे द्या."

त्यांनी बॉल मातीत ठेवला. भिंतीकडे पाहिलं, आणि थोड्या मागे सरकल्या. 'बॉल जमिनीवर ठेवा, जमिनीवर ठेवा' असं घसा कोरडा होईपर्यंत सांगणाऱ्या ताईंनी तो असा काही हाणला की सगळ्यांच्या माना वर गेल्या. बॉल भिंतीवरून पार झाला. पलीकडे पत्र्यावर धाडकन आवाज झाला. कुणीतरी गाडी बंद केली.

मैदानावर एकदम हशा.

"ताई, आम्ही मारला असता तर मैदानाला दहा चकरा!"

"गोल इकडे आहे, ताई. चंद्रावर नाही!"

"शोभतं का तुम्हाला हे?" आई जाळीतून ओरडली. "माझं लेकरू तिकडे अडकलंय, आणि तुम्ही बॉल कसले उडवताय?"

ताईंनी गळ्यातली शिटी काढून कर्णधार मुलीच्या हातात दिली. खिशातला फोन, किल्ल्या, रुमालसुद्धा तिच्याकडेच दिला. गोलमध्ये एक टिंगू पोरगा गोंदचे ढगळे ग्लोव्हज घालून उभा होता. त्यातल्या उसवलेल्या अंगठ्याला आईनेच टाके घातले होते.

"ते काढ, बाळा, आणि गोलपोस्टला अडकवून ठेव," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "ज्याचे आहेत त्याला लागतील."

आईची नजर ताईंच्या रिकाम्या हातांकडे गेली. जाळीवरची तिची बोटं हळूहळू सुटली.

ताईंनी फाटक उघडलं. दोन्ही रिकामे तळहात सगळ्यांना दिसतील असे पुढे धरले आणि त्या गल्लीकडे चालू लागल्या. रोज संध्याकाळी गोंदला घरी सोडायला निघत, अगदी तशाच.