उलट वाचन

पेपरच्या कचेरीत त्या दिवशीच्या गठ्ठ्यातलं शेवटचं प्रूफ एका इंग्रजी निधनाच्या जाहिरातीचं होतं. फोटोची चौकट अजून रिकामीच होती. हेमांगीने नेहमीप्रमाणे शेवटच्या शब्दाखाली पट्टी धरली आणि एकेक शब्द उलट वाचत वर सरकली. "अर्थामध्ये गुंतलीस की चूक निसटते," असं सांगून ही रीत तिला कुमुदताईंनीच शिकवली होती. ताई तेव्हा याच खुर्चीवर बसत. ‘ग्रीफ’मधले आय आणि ई आपापल्या जागा सोडून बसले होते. मेली ही इंग्रजी स्पेलिंगं, असं पुटपुटत तिने ते लाल पेनाने जागेवर आणले, सही ठोकली आणि खुशीत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारीण म्हणाली, "अगं, तुझ्या कुमुदताई गेल्या ना? पेपरात फोटो आलाय." हेमांगीने पेपर ओढला. तिने सुधारलेल्या शब्दाच्या बरोबर वर ताईंचं नाव होतं. अंत्ययात्रा सकाळीच होती.

ती धावतपळत पोचली तेव्हा माणसं पांगली होती. ताईंचा मुलगा दारातच उभा होता.

"तुला फोन नाही केला, मावशी. म्हटलं, जाहिरात तुझ्याच हातून जाणार, तुला सगळ्यांच्या आधी कळेल. सकाळी तुझ्यासाठी किती वेळ थांबलो आम्ही. तूच वाचली होतीस ना ती?"



"तपासली रे," ती कशीबशी म्हणाली. "वाचली नाही."