आप्पांचं ब्लेड

आप्पासाहेबांनी खुर्चीत बसता बसता खिशातून स्वतःचं ब्लेड काढून आरशापुढं ठेवलं आणि पीरमहंमदचं डोकं फिरलं. मागच्या रविवारीही हेच.

"आप्पा, हे काय लावलंय तुमी?" गळ्याभोवती कापड बांधताना तो दबक्या आवाजात म्हणाला. "माज्याकडं ब्लेडं न्हाईत का?"

"हायेत की. पन माजी याच्यानं कर."

पीरमहंमदला राग आला की रडू, हे त्याचं त्यालाच कळेना. सुप्याच्या स्टँडसमोरच्या या दुकानात आप्पासाहेबांची दाढी आधी त्याचे वडील करायचे, आता तो करत होता. आणि एवढ्या वर्षांनी या माणसाला त्याच्या ब्लेडचा संशय यावा?

भिंतीवर पोस्टर होतं. सरकारी एड्स मोहिमेची माणसं स्वतःच्या हातानं चिकटवून गेली होती. 'दाढी करताना नवीन ब्लेडचा आग्रह धरा. एचआयव्ही टाळा.' तेव्हापासून गिऱ्हाईक शहाणं झालं होतं. खुर्चीत टेकायच्या आधी विचारायचं, "नवं हाय ना?" पीरमहंमदला त्यात उलट ऐट वाटायची. ब्लेड कागदासकट गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायचं, कट्कन दोन तुकडे करायचे आणि अर्धं वस्तऱ्यात सरकवायचं. जुनं ब्लेड लावतो, असं त्याच्याबद्दल कुणाची म्हणायची छाती नव्हती. आणि म्हणालंच कुणी, तर एमआयडीसीतल्या पोरांसाठी रस्त्यापलीकडं एसीचं सलून निघालेलं होतंच.

आप्पासाहेब मात्र भर गर्दीत ब्लेड घेऊन येत होते. बरं, आणतात ते आणतात, वापरलेलं ब्लेड काडेपेटीत घालून परत घरी नेतात. घरी काय त्याचं लोणचं घालतात?

बाकावर मच्छिंद्र नंबर लावून बसला होता. कंपनीत सुपरवायझर, जिभेला हाड नाही. तो मोबाईलवरून डोळे काढून मघापासून त्या ब्लेडकडंच बघत होता.

दाढी झाली. पीरमहंमदनं डावा हात आप्पासाहेबांच्या गालावर ठेवला आणि उजव्या हातानं तुरटी उचलली. आप्पासाहेबांनी मान मागं घेतली.

"तुरटी नको."

"आता तुरटीनं काय घोडं मारलं?"

"ती सगळ्यांच्या तोंडाला लागती, पीरू."

नेमका तेव्हाच मोहिमेचा टेम्पो स्टँडवर येऊन थांबला. भोंग्यातून आधी ढोलकी वाजली, मग एक बाई सांगू लागली, नवीन ब्लेडचा आग्रह धरा. दुकानातल्या काचा थरथरल्या. त्या कल्लोळात आप्पासाहेबांनी पीरमहंमदचं उजवं मनगट धरून त्याला खाली ओढलं आणि कानाशी तोंड नेलं.

"ब्लेड तुज्यासाठी आनतो रं. तुज्यासाठी आन् या बाकावरच्यांसाठी. नगरच्या दवाखान्यातनं त्या रोगाच्या गोळ्या चालू हायेत मला. घरात हिला ठावं हाय. आता तुला."

पीरमहंमद मान वळवून पोस्टरकडं बघत राहिला. त्यात दाढी करून घेणाऱ्यानं स्वतःला जपायचं होतं. आपल्यापासून दुसऱ्याला जपायला निघालेला माणूस त्यात कुठंच नव्हता. आपला हात अजून आप्पांच्या गालावर आहे, हे त्याच्या आता लक्षात आलं. काढावा की ठेवावा? 'स्पर्शाने होत नाही' असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. कितीदा तरी वाचलं होतं त्यानं. पण आज ते खरं आहे ना, हे विचारायचं कुणाला? त्याला भीती वाटली, आणि भीती वाटल्याची लाजही वाटली. हात तिथंच राहिला.

टेम्पो पुढं गेला. आप्पासाहेबांनी स्वतःच्या रुमालानं तोंड पुसलं, काडेपेटी खिशात घातली आणि ते दाराशी जाऊन चपला शोधू लागले. मच्छिंद्र खुर्चीत बसला. कापड गळ्याशी येतंय न येतंय तोच सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "काय पीरूभाई, आप्पांचा तुज्या ब्लेडावर भरवसा न्हाई व्हय? का आप्पांचीच काय भानगड हाय?"

बाकावरचे हसले. आप्पासाहेबांचा एक पाय चपलेत होता, दुसरा तसाच अधांतरी राहिला.

नव्या ब्लेडांची पाकिटं समोर आरशाखाली रचलेली होती. पीरमहंमद त्यांच्याकडं बघत म्हणाला, "चूक माजी हाय. एकदा जुनं ब्लेड लावलं हुतं मी त्यांना."

हसणं बंद झालं.

मच्छिंद्रनं आपल्या गालावरून हात फिरवला. मग गळ्याचं कापड स्वतःच सोडलं. "राहू दे आज. ड्यूटीला जायचंय," म्हणाला आणि उठला. रविवारी त्याला सुट्टी असते, हे दुकानात सगळ्यांना माहीत होतं. बाकावरच्यांनाही एकेकाला कामं आठवली. रस्त्यापलीकडच्या सलूनचं काचेचं दार उघडलं आणि मच्छिंद्र आत गेला.

आपण हे काय बोलून बसलो, ते पीरमहंमदला अजून कळत नव्हतं. तो उगाच कापड झटकत राहिला.

आप्पासाहेबांनी घातलेली चप्पल परत काढली. आत आले आणि रिकाम्या खुर्चीत बसले.

"केसं काप."

"आप्पा, केसं हायेत कुठं?"

"हायेत तेवढी काप," आप्पासाहेब म्हणाले. "खुर्ची जरा दाराकडं वळीव. आन् सावकाश काप. रस्त्यावरनं दिसलं पायजे."