घट्ट सांध्यांचा राक्षस

दसऱ्याला गोखिवऱ्याच्या आमच्या गाळ्यात लेथ मशीनपुढे मी पाट मांडला. पक्कड, हातोडी, करवत ठेवली आणि मधोमध लेकीचा रोबो उभा केला. काळा, लाल डोळ्यांचा, दुमडला की रणगाडा होणारा; कार्टूनमध्ये दर रविवारी शहर पेटवायला निघणारा. “अहो, रावण मारायच्या दिवशी राक्षस पाटावर?” बायकोने डोळे वटारले. “बाबा, तो व्हिलन आहे!” आठ वर्षांची रेवा ओरडली. “असू दे. माझं बोट त्यानेच बरं केलंय.” गेल्या वर्षी याच मशीनमध्ये माझा हात सापडला. टाके निघाले, पण अनामिका खिळ्यासारखी ताठ राहिली. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू मी वैतागून माळ्यावर फेकला. रेवा मात्र रोज शाळेतून आली की हा रोबो पुढे करायची. “बाबा, याचा रणगाडा करून दे ना. सांधे फार घट्ट आहेत, मला जमत नाही.” मी कळवळत, त्याला शिव्या घालत एकेक सांधा वळवायचो. झाला की म्हणायची, “आता परत रोबो कर.” वर्षभर हेच चाललं. आज मी तीच अनामिका कुंकवात बुडवली आणि पहिला टिळा त्या राक्षसाला लावला. तेवढ्यात तो झेंडूच्या फुलांवरून कलंडला. रेवाने त्याला पटकन उचललं, कटाकट सांधे वळवत एका दमात त्याचा रणगाडा केला आणि पाटावर ठेवला. मग माझ्याकडे बघून जीभ चावली. बोटावर कुंकू उरलं होतं. ते मी तिच्या कपाळाला लावलं.