गार केलेला समुद्र

यंदा यंत्रांनी प्रशांत महासागर तापवणार, त्यामुळे इकडे पाऊस नाही, असं समुद्र मंडळानं कळवलं होतं. म्हणून तर कोंडाबाईनं भर श्रावणात पैनगंगेच्या कोरड्या पात्रात कलिंगडं लावली, तिथंच खोप घातली.

आज पुलावरून दीर ओरडला, "वहिनी, वर या. तिकडच्या किनाऱ्यावरच्यांना गार पाण्यातली मासळी पाहिजे म्हणून हरामखोरांनी महिन्यापूर्वीच समुद्र गार केला. आपल्याला आत्ता सांगतायत. वरच्या अंगाला ढग फुटलेत."

"आपल्याला माणसात धरतंय कोण, भावजी?" ती वेल सोडून उठली.

"दादा कुठंय?"

नवरा घागर घेऊन पात्रातूनच वरच्या डोहाकडे गेला होता. तिकडूनच आता घरघर येत होती, वाढत होती. दीर हाका मारत राहिला. काठाकडे पाठ करून कोंडाबाई वाळूतून त्या आवाजाच्या दिशेनं धावत सुटली.